पंडिता रमाबाई : ऐकीव विश्वासापासून स्वतःच्या विश्वासापर्यंत

आजचं वाचन : योहान ४:१–४२



आजच्या वाचनाच्या शेवटाकडे एक गोष्ट आहे, जी आपण बहुतेक वेळा घाईत वाचून पुढे जातो. विहिरीवरची शोमरोनी स्त्री आपली घागर तिथेच टाकून गावात धावत जाते आणि लोकांना प्रभूविषयी सांगते. तिच्या साक्षीवरून कितीतरी जण विश्वास ठेवतात. पण गावकरी तेवढ्यावर थांबत नाहीत. ते प्रभूला आग्रह करून दोन दिवस ठेवून घेतात, त्याचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकतात, आणि मग तिला कळवतात की आमचा विश्वास आता तुझ्या साक्षीवर टेकलेला नाही, आम्हीही त्याला ओळखलं आहे.

म्हणजे विश्वासाचे इथे दोन टप्पे दिसतात. एक ऐकीव, दुसरा स्वतःचा. पहिला खोटा नव्हे. पहिल्याशिवाय दुसरा येतच नाही. पण पहिल्यावरच मुक्काम करायचा नसतो.

आपलं काय होतं? आईने शिकवलं, संडे स्कूलच्या टीचरने शिकवलं, पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, लोकलमध्ये हेडफोन लावून कोणाचं तरी प्रवचन ऐकलं. सगळं चांगलंच आहे. मग एक दिवस ऑफिसमधली मैत्रीण जेवताना सहज विचारते, की येशू देव आहे असं तू का मानतेस? आणि आपल्याला कळतं की हे उत्तर आपण फक्त ऐकून ठेवलंय, कधी स्वतः शोधलेलं नाही.

आज ५ एप्रिल. १९२२ साली याच दिवशी केडगावात पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांच्याविषयी शाळेच्या पुस्तकात आपण समाजसुधारक म्हणून वाचलेलं असतं. विधवांसाठी शाळा, दुष्काळातल्या मुलींना आसरा, हे सगळं खरंच. पण त्यांचा विश्वास कसा वाढला हे फारसं सांगितलं जात नाही. तो एका रात्रीत वाढला नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांची कित्येक वर्षं प्रश्नांत गेली. आज त्या प्रश्नांच्या बाजूने त्यांच्या आयुष्याकडे बघू.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या जंगलातला. ती जागा आज कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी त्यांनी पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून बायकांनी शिकावं हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हे लोकांना रुचणारं नव्हतं. विरोध झाला, तेव्हा ते जंगलात जाऊन राहिले.

लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून लेकीला शिकवलं. पुढे कुटुंब यात्रेला निघालं, ते कायमचंच. देवळांत, नदीच्या घाटांवर पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं आणि पुढच्या तीर्थाला जायचं. रमाबाईंना लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते. वचन पाठ करण्याची सवय आपल्यातल्या कितीतरी जणांना जड वाटते. रमाबाईंना ती लहानपणीच लागली होती, वेगळ्या ग्रंथांच्या निमित्ताने.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. दानधर्म आटला. भीक मागायची सवय नव्हती, मजुरी करणं शास्त्र्यांच्या घराला कमीपणाचं वाटत होतं. उपास, व्रतं, देवदर्शनं सगळं झालं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या असतील. त्या आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. दोघे पायी देशभर फिरले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली.

इतकं सोसल्यावर देवावरचा भरवसा टिकतो का? दोघांचा जुना भरवसा हळूहळू ढासळला. जे सांगितलं होतं ते सगळं केलं आणि हाती काही आलं नाही, असं त्यांना वाटू लागलं. हा प्रश्न आपल्यालाही अनोळखी नाही. आयसीयूच्या बाहेर बसून आपण हेच विचारलेलं असतं.

न कळलेलं बायबल

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी शास्त्रार्थ करते, तोंडपाठ संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या.

त्याच शहरात त्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती लोक भेटले. एका मेळाव्याला त्या भावासोबत गेल्या. तिथे खुर्च्या, चहा आणि पाव. ब्राह्मणघरातल्या दोघांना कलियुगच अवतरल्यासारखं वाटलं. मग सगळे जण उठून खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसले. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली.

त्या मेळाव्यात त्यांना बायबल भेट मिळालं, तेही संस्कृतमध्ये. जी बाई संस्कृतच्या जोरावर पदव्या मिळवते, तिला संस्कृत बायबल. याहून सोयीचं काय असणार? पण रमाबाईंना ते कळेना. त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांसारखं नव्हतं, शिकवण तर अगदीच परकी. हे वाचण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही असं वाटून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

हा प्रसंग लक्षात ठेवा. आयुष्याच्या शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. ते वेगळ्या प्रांतातले, वेगळ्या जातीचे. त्या काळात याला केवढं धैर्य लागलं असेल! आसामात सिलचरला संसार सुरू झाला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना एक लहानसं पुस्तक सापडलं. लूकचं शुभवर्तमान, बंगालीत. रमाबाईंनी बंगाली शिकून घेतलं होतं. पुस्तक साधं, गोष्टी साध्या. या वेळी मात्र त्यांनी ते बाजूला टाकलं नाही. गावातले एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना उत्पत्तीतली निर्मितीची कथा समजावून सांगत. रमाबाईंचा ओढा वाढला तसे बिपिनबाबू मात्र नाराज झाले. मिशन शाळेत शिकलेले असूनही बायकोने ख्रिस्ती व्हावं हे त्यांना मान्य नव्हतं.

१८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला बिपिनबाबू कॉलऱ्याने वारले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात दहा महिन्यांचं लेकरू.

विहिरीवरची भेट

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. एका मिशनरी बाईंकडे इंग्रजी आणि मराठी नवा करार शिकल्या. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत असे, आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं. ज्या कामासाठी एवढा समुद्र ओलांडला, तेच हातून गेलं. सोबत आलेल्या मैत्रिणीचा, आनंदीबाई भगत यांचा, तिथेच दुर्दैवी अंत झाला. परक्या देशात हे दुःख किती जड असेल, कल्पना करा.

वाँटेज गावी त्या ज्या भगिनीसंघाकडे राहत होत्या, त्या भगिनी लंडनमध्ये फुलहॅमला एक आश्रम चालवत. समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे घरात घेऊन, माया करून, पुन्हा उभं केलं जाई. रमाबाईंनी अशा बायकांविषयी आजवर फक्त तिरस्कार आणि शिक्षाच ऐकली होती. इथल्या भगिनी त्यांना हात का लावतात, त्यांच्यासाठी स्वतःचं आयुष्य का देतात, हे त्यांना कळेना. त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

आपलं आजचंच वाचन! दुपारच्या उन्हात एकटी पाणी भरायला आलेली बाई, जिच्याशी तिच्या गावचे लोकही नीट बोलत नसावेत, आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू. तो तिचं पाप झाकून ठेवत नाही, पण तिला हाकलतही नाही. तिच्याशी तो जिवंत पाण्याविषयी आणि खऱ्या उपासनेविषयी बोलतो. शास्त्रार्थ फक्त पुरुषांनी करायचा, असं मानणाऱ्या जगातून आलेल्या रमाबाईंना हे बोलणं किती खोल लागलं असेल! स्त्रीला मोक्ष मिळतो की नाही हा प्रश्न त्यांनी ग्रंथांमध्ये शोधला होता. इथे प्रभू स्वतः एका स्त्रीच्या वाटेवर येऊन बसला होता.

नहेम्या गोरे या विद्वान ख्रिस्ती धर्मगुरूंचं लेखनही त्यांनी वाचलं. गोरे स्वतः काशीतल्या ब्राह्मण पंडितांच्या घराण्यातले, त्यामुळे रमाबाईंच्या मनातल्या शंका त्यांना आतून ठाऊक होत्या. बुद्धीची खात्री पटली आणि २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक साक्षी इथे संपतात. रमाबाईंची गोष्ट इथून खरी सुरू होते.

प्रश्न विचारणारी विश्वासू

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. त्या काळात त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं टिकून आहेत. ती वाचली की आश्चर्य वाटतं. त्रैक्य म्हणजे काय? प्रभूचं देवत्व कसं मानायचं? कुमारीपासून जन्म? मंडळीचे जुने मतांगिकार जसेच्या तसे मान्य करायचे का? एकाच देवाची भक्ती करायची असं मनाशी पक्कं केलेल्या रमाबाईंना त्रैक्याची शिकवण काही काळ पटेना. आणि पटत नाही ते पटल्यासारखं दाखवायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. गळ्यातल्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांबद्दलही त्यांनी वाद घातला. आपल्या लोकांना न कळणाऱ्या भाषेत का? संस्कृत का नको?

सिस्टर जेराल्डिन कधी दुखावल्या, कधी रागावल्या. आज आपल्या काही युथ ग्रुपमध्ये असे प्रश्न विचारले तर काय होईल? बहुधा कोणीतरी म्हणेल, हिचा विश्वास डळमळलाय, हिच्यासाठी प्रार्थना करा. प्रार्थना जरूर करा. पण प्रश्न विचारणं आणि विश्वास सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रमाबाईंनी प्रश्न विचारताना शास्त्र हातातून खाली ठेवलं नाही. वडीलधाऱ्यांच्या हुकमावर विसंबण्यापेक्षा पवित्र शास्त्र काय म्हणतं ते दाखवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिआ बील यांच्यासारखी माणसं होती, ज्यांनी न चिडता, सबुरीने त्यांच्याशी चर्चा केली.

शोमरोनी स्त्रीने तरी काय केलं? ती प्रभूशी वादच घालत होती. कुठल्या डोंगरावर उपासना करायची, यरुशलेमेत की इथे? तो काही टाळाटाळीचा प्रश्न असेल म्हणून प्रभूने तो उडवून लावला नाही. त्याने उत्तर दिलं, आणि त्या उत्तरातून तिला स्वतःपर्यंत आणलं.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, ठिकठिकाणी भाषणं दिली. मायदेशी परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती यशस्वी ख्रिस्ती सेविका! पण आतून रमाबाई अस्वस्थ होत्या.

आठ वर्षांनी

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हॅस्लम कित्येक वर्षं धर्मसेवा करत होते, उपदेश देत होते, आणि एका रविवारी स्वतःच्याच उपदेशाच्या मध्यात त्यांना उमगलं की आपण ज्याविषयी बोलतोय तो प्रभू आपल्याला ठाऊकच नाही. हे वाचून रमाबाई हादरल्या. ही तर आपलीच कहाणी! त्यांनी नंतर प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र सापडायचा राहिला होता.

बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांची सेवा, एवढं नाव. तरी त्यांनी स्वतःला फसवलं नाही. आपण चांगल्या वागण्याने, सेवेने, विद्येने देवापुढे उभे राहू शकत नाही, हे त्यांना नव्याने दिसलं. लहानपणी यात्रा आणि व्रतं करून जी शांती मिळाली नव्हती, ती आता शाळा आणि भाषणं करूनही मिळणार नव्हती. पापी म्हणून प्रभूकडे यायचं, त्याने क्रुसावर केलेलं पुरेसं आहे यावर विसंबायचं, आणि तारण कृपेने, फुकट घ्यायचं. त्यांनी ते घेतलं.

इथे एक गोष्ट बघा. पूर्वी रमाबाईंना अडखळवणारा प्रश्न होता प्रभूच्या देवत्वाचा. तो कोरडा पुस्तकी प्रश्न वाटतो ना? पण येशू केवळ थोर गुरू असेल, तर तो आपल्याला मार्ग दाखवील आणि चालायचं काम आपल्यावरच सोडील. मग पुन्हा आपली यात्रा, आपली व्रतं. जो देव आहे आणि माणूस झाला, तोच आपलं ओझं स्वतःवर घेऊ शकतो. म्हणून सिद्धांत महत्त्वाचा. कृपा त्याच्यावर उभी आहे. चुकीची शिकवण शेवटी थकवते, कारण ती सगळं पुन्हा आपल्याच डोक्यावर आणून ठेवते.

या अनुभवानंतर सगळं गोड झालं, असं नाही. शारदा सदनात कोणाला धर्म बदलायला लावायचं नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारख्या मान्यवरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचीही बाजू होती, विश्वास मोडल्याची भावना होती, ती आपण समजून घेतली पाहिजे. रमाबाईंनी मात्र दार बंद केलं नाही.

केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या लहानपणीचा दुष्काळ विसरणं त्यांना शक्य नव्हतं. त्या गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतात ठेवलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार जीव होते. फुलहॅममध्ये पाहिलं होतं तसं, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवलं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत.

१९०५ मध्ये तिथे मोठं संजीवन झालं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, पापं कबूल करून रडत, आनंदाने गात. त्याच्या बातम्या परदेशापर्यंत गेल्या. एखाद्याला वाटलं असतं, आता आत्म्याचा अनुभव आलाय, अभ्यासाची काय गरज?

रमाबाईंनी नेमकं उलट केलं. त्याच सुमारास त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास हाती घेतला. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, कान साथ देत नव्हते, अंगावर हजारोंचा संसार. आणि हे कशासाठी? त्यांच्यासमोर बसलेल्या खेड्यातल्या बायकांना तेव्हाचं मराठी बायबल जड जात होतं. त्यातले संस्कृत शब्द पंडितांना कळावेत असे. रमाबाईंना ते कळत होतंच. पण स्वतःला कळतंय यावर त्या समाधान मानणाऱ्या नव्हत्या.

कलकत्त्यात न कळलेलं ते संस्कृत बायबल आठवतंय? आणि सिलचरला बोलक्या भाषेतलं लूकचं पुस्तक? वचन हातात असणं आणि वचन कळणं यातलं अंतर रमाबाईंनी स्वतः अनुभवलं होतं. ते अंतर दुसऱ्या कोणा बाईच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं दिली. संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून साध्या, रोजच्या मराठीत. खिळे जुळवायचे, छापायचं, हे सगळं काम मुक्तीतल्या मुलींनी केलं. ज्या हातांना दुष्काळात भाकरीचा तुकडा मिळाला नव्हता, त्या हातांनी वचन अक्षर-अक्षर जुळवलं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. जिच्यावर पुढचं सगळं काम सोपवायचं, ती एकुलती एक लेक. रमाबाई स्वतः आजारी होत्या. तरी प्रुफं तपासत राहिल्या. शेवटची प्रुफं संपवण्यापुरते दिवस दे, अशी विनंती त्यांनी देवाला केली असं सांगतात. काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. छापील पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. पण ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या हातात ते पोचलं.

आपल्यासाठी

रमाबाईंच्या आयुष्यात गावकऱ्यांचे ते दोन्ही टप्पे दिसतात. आधी दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून, पटलं म्हणून विश्वास. मग स्वतः प्रभूला ओळखून विश्वास. आणि त्यानंतर आणखी एक पाऊल, शोमरोनी स्त्रीचं. घागर टाकून गावाकडे धावणं.

आपल्या धावपळीच्या आठवड्यात यातलं काय बसेल? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, आपला एक खरा प्रश्न लिहून काढा. जो विचारायची लाज वाटते, तोच. तो घेऊन शास्त्राकडे जा, आणि मंडळीतल्या अशा एखाद्या मोठ्या माणसाकडे जा जो सबुरीने ऐकून घेईल. उत्तराला वेळ लागला तर घाबरू नका. रमाबाईंना आठ वर्षं लागली.

दुसरी, लूकचं शुभवर्तमान मराठीत वाचा. त्याचे चोवीस अध्याय आहेत. रोज एक, झोपायच्या आधी, फोन बाजूला ठेवून. वाचताना स्वतःला विचारा, मला इथे फक्त धर्म दिसतोय की ख्रिस्त दिसतोय?

तिसरी, जे कळलं ते एका माणसाला साध्या शब्दांत सांगा. आपल्या चर्चच्या ठेवणीतल्या भाषेत नको. घरी कामाला येणाऱ्या मावशींना कळेल, ऑफिसातल्या मैत्रिणीला कळेल, अशा भाषेत. साधं सांगायला गेलं की आपल्याला खरंच किती कळलंय हेही समजतं.

प्रार्थना करू या.

हे प्रेमळ पित्या, ज्यांनी आम्हाला तुझ्याविषयी सांगितलं त्या सर्वांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या साक्षीवर आमचा विश्वास सुरू झाला, पण तो तिथेच अडकू देऊ नकोस. आमचे प्रश्न तुझ्यापासून लपवायला नको, एवढा भरवसा दे. तुझं वचन आम्हाला उलगडून सांग. आमच्या चांगल्या कामांवर नव्हे, तर तुझ्या पुत्राच्या क्रुसावर विसंबायला शिकव. आणि जे आम्हाला फुकट मिळालं, ते आमच्या लोकांना त्यांना समजेल अशा बोलीत द्यायला आमचे हात आणि ओठ वापर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.